तरवडाचं फूल आणि तरवडाची साल

दसऱ्याला आठ दिवस होते. आमच्या गावच्या गायरानात एक मुलगी आणि एक पोरगा आले. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील कागद. कुठल्या संस्थेचे ते इथं महत्त्वाचं नाही. पोरं चांगली होती. उन्हातून चालत आली होती. बाटलीतलं पाणी स्वतः प्यायच्या आधी त्यांनी माझ्या चुलतीला विचारलं, "आजी, पाणी घेता का?" ही साधी गोष्ट नाही, हे आपल्या वाचकाला सांगायला नको.

चुलतीला आम्ही सगळे नानी म्हणतो. पंचाहत्तरीच्या आसपास आहे. बाजरीची कणसं खुडत होती.

मुलीनं विचारलं, "आजी, या माळावर आल्यावर तुम्हाला काय वाटतं?"

नानी म्हणाली, "काय वाटायचंय माय? कणसं खुडायला आले."

"तसं नाही. मनाला काय वाटतं? शांत वाटतं का? प्रसन्न वाटतं? देवाधर्माचं काही?"

कागदावर रकाने होते. सौंदर्य, शांतता, श्रद्धा, करमणूक, वारसा. प्रत्येकापुढं एक ते पाच आकडे. मी नानीच्या मागंच उभा होतो, मला वाचता येत होतं.

नानी थांबली. विळा खाली ठेवला. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ती नेहमी खरं देते, त्यामुळं घरात तिच्याशी कुणाचं पटत नाही. म्हणाली, "भ्या वाटतं. पीक उभं असलं का रातच्याला भ्या वाटतं. कोन कव्हा जनावरं घालील सांगता येत न्हाई. आन् सकाळी येऊन बघितलं, पीक हाय तसं दिसलं, का बरं वाटतं. लई बरं वाटतं. लिव्ह."

भीतीचा रकाना कागदावर नव्हता. मुलगी पेन धरून तशीच राहिली. पोरगा हळूच म्हणाला, "बरं वाटतं म्हणतात ना, मग शांततेत चार टाक."

तिनं चार टाकले.

त्या चारमुळं हा लेख लिहायला बसलो आहे.

हा कागद येतो कुठून ते आधी पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं २००५ साली जगभरच्या परिसंस्थांचा एक मोठा अहवाल निघाला. तेराशेच्या वर तज्ज्ञ त्यात होते. निसर्ग माणसाला काय देतो याचे त्यांनी चार भाग पाडले. अन्न, पाणी, लाकूड हा एक. हवामान, पूर, रोगराई आटोक्यात ठेवणं हा दुसरा. माती तयार होण्यासारखी, बाकी सगळ्याला आधार देणारी कामं हा तिसरा. आणि चौथा सांस्कृतिक. ज्याला वजन नाही, माप नाही असे लाभ. देव, सौंदर्य, विसावा, सहल, आठवणी, आपलेपणा.

यात वाईट काही नाही. झाडाची किंमत नुसती लाकडाच्या वजनावर करू नका, असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूचा. माझा प्रश्न निराळा आहे. सांस्कृतिक म्हणजे कुणाच्या संस्कृतीतलं? आणि हा लाभ झाला हे माणसाला कळतं कशानं? डोळ्यानं, हातानं, नाकानं, पोथीनं, का सातबाऱ्यानं? एकच माळ, पण त्यावर यायच्या वाटा वेगळ्या. ज्या वाटेनं माणूस आला त्या वाटेनं त्याला तो माळ कळला. कागद मात्र असं धरून चालतो की सगळे एकाच वाटेनं आले, कुणाला कमी आवडलं, कुणाला जास्त, एवढाच काय तो फरक.

नानीच्या बांधावर तरवड आहे. बालाघाटाच्या माळांवर, सडकेच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, बीड जिल्ह्यात तरवड कुठं नाही? कंबरेएवढं, फार तर पुरुषभर झुडूप. पिवळीधम्मक फुलं. शेरडं त्याला तोंड लावीत नाहीत. पावसानं दगा दिला तरी हा हिरवा. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. सगळा मुलूख उघडाबोडका, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, आईबाप खडी फोडायला गेलेले, आणि माळावर हिरवं काय ते एवढंच. आम्हा पोरांना त्याचा राग यायचा. खाता येत नाही आणि हिरवा कशाला राहतो, असं वाटायचं.

आता हा तरवड कोणाला काय दिसतो ते बघा.

तेव्हाच्या औरंगाबादला मी मिलिंदमध्ये शिकलो. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं कॉलेज, परिसराचं नाव नागसेनवन. आम्ही रानातून शिकायला गेलो ते परत एका वनातच, पण या वनात आम्हाला बाकावर जागा होती. तिथं पहिल्यांदा कळलं की तरवडाला लॅटिन नाव आहे. लिनिअस नावाच्या स्वीडिश पंडितानं अठराव्या शतकात ते ठेवलं, कॅसिया ऑरिक्युलाटा. पुढं शास्त्रज्ञांनी कुळ बदलून सेन्ना केलं. शेंगेच्या वर्गातलं झाड, पाच पाकळ्या, संयुक्त पान. चित्र काढून नावं द्यायची. मला ते काम फार आवडलं. झाडाला फक्त झाड म्हणून बघता येतं, त्यात कुणाची जात येत नाही, याचा आनंद काय असतो हे ज्याच्या वाट्याला आधीपासून आहे त्याला कळायचं नाही.

वैद्याच्या लेखी तो आवर्तकी. मधुमेहावर देतात.

नवरात्रात तो देवीचा. आमच्या भागात घट बसले की घटावर रोज माळ सोडतात, ती तरवडाच्या फुलांची. शेजारच्या तेलंगणात बतुकम्मा मांडतात त्यात हीच फुलं, आणि ते राज्य झाल्यावर त्यांनी हे राज्याचं फूल ठरवलं. आपणही १९४८ पर्यंत निजामाच्या त्याच राज्यात होतो. आई पहाटे आम्हाला फुलं आणायला पाठवायची. घरच्यासाठी नव्हे, वाड्यासाठी. आम्ही ओच्यात भरून आणायचो, वाड्याच्या पायरीवर ठेवायचो आणि मागं सरायचो. आतली बाई यायची, फुलांवर पाणी शिंपडायची, मग उचलायची. पाणी शिंपडल्यावर फुलं अजूनच छान दिसायची. मला ते आठवतं, खोटं कशाला बोलू.

आणि तरवडाची चौथी ओळख सालीची. इंग्रजीत या झुडपाला टॅनर्स कॅसिया म्हणतात, म्हणजे कातडं कमावणाऱ्याचा तरवड. परक्या भाषेनं त्या नावात कातडं कमावणाऱ्याला जागा ठेवली. आमच्या बाया, माझी आजी, आई, ही नानी, माळावर जाऊन तरवडाची साल सोलायच्या. वाळवून भारे करायच्या आणि ढोरगल्लीत नेऊन विकायच्या. ढोर म्हणजे कातडं कमावणारी जात. सालीत टॅनिन असतं. ते कातड्यात मुरलं की कातडं कुजत नाही, पाण्यानं फुगत नाही. आधी चुन्याच्या पाण्यात घालून केस काढायचे, मग सालीच्या पाण्यात मुरवायचं. पुढं कातड्याची पिशवी शिवून तिच्यात सालीचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. ते तांबूस पाणी थेंब थेंब गळत राहायचं. त्या गल्लीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तरवड अर्धाच माहीत.

कोवळ्या फांदीची साल कधी सुटते, पावसाळ्यानंतर किती दिवस थांबायचं, कुठल्या ओढ्याकाठची साल चांगली, झाड मरू न देता किती सोलायचं, हे सगळं नानीला आजही माहीत आहे. हाताला माहीत आहे. विचारलं तर तिला सांगता येत नाही, दाखवता येतं.

त्या कातड्याचं काय व्हायचं? मोट व्हायची. विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोट. इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत आमच्याकडचा सगळा बागायत मोटेवर होता. म्हणजे पाटलाचा ऊस, कुळकर्ण्याची केळ, देवळामागची फुलबाग, सगळं तरवडाच्या सालीवर उभं होतं. मेलेल्या बैलाचं कातडं दिवसातून शंभर वेळा विहिरीत बुडायचं, त्यानं पाणी बाटत नव्हतं. ते सोलणाऱ्याची सावली पडली की बाटायचं. हे आपल्याकडं अनेकांनी लिहिलं आहे, मी नवं सांगत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की मोटेच्या गाण्यात ज्यांना निसर्ग आणि संस्कृती यांचा मिलाफ दिसला ते वर धावेवर उभे होते. कातड्याची बाजू त्यांनी पाहिली नाही असं नाही. ती संस्कृतीत धरायची असते हे त्यांना सुचलं नाही.

आता जरा तत्त्वज्ञानाकडं येतो. कंटाळू नका.

आपल्या जुन्या पंडितांनी ज्ञान खरं कशावरून मानायचं याची प्रमाणं ठरवली. नैयायिक चार सांगतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वास ठेवावा अशा माणसाचं किंवा ग्रंथाचं सांगणं. चार्वाक म्हणाले, प्रत्यक्ष तेवढं खरं. बौद्धांमधले दिङ्नाग आणि धर्मकीर्ती दोनच मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दाला त्यांनी वेगळं प्रमाण म्हणून उभं केलं नाही. मिलिंदला असताना मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. म्हणजे पोथीत लिहिलंय म्हणून खरं, हे संपलं. जे बघितलं आणि त्यावरून जे ताडलं, ते ज्ञान.

पण गावात परत आल्यावर लक्षात आलं की प्रत्यक्षही सगळ्यांचं सारखं नसतं. वडाचंच घ्या. २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं. संमेलनाचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. बातमी वाचून मला आनंद झाला. माणसांच्या संमेलनांत अध्यक्षपदावरून काय काय चालतं ते बघता वड कधीही बरा. त्या माळावर ज्यांनी झाडं लावली, पाणी घालून जगवली, त्यांचं काम लहान नाही. बीडसारख्या जिल्ह्यात एक झाड जगवणं म्हणजे लेकरू वाढवण्यासारखं.

पण वड म्हटलं की मला पार आठवतो. गावच्या वडाला दगडी पार होता. त्यावर पंचायत बसायची, कीर्तन व्हायचं, म्हातारे दुपारी लवंडायचे. आम्ही खाली. पाराच्या दगडापासून चार हात लांब, मातीत. आजोबा हातात काठी घेऊन तिथं उभे राहायचे, कुणाचं काय काम निघतं म्हणून. सावली आमच्यावरही पडायची. उन्हाळ्यात ती सावली गारच लागायची. तिला काही वरचे-खालचे कळत नव्हतं. तरी पारावर बसलेल्याला वडानं जे दिलं आणि खाली उभ्या असलेल्याला जे दिलं ते एक होतं का? एकानं वडाखाली गाव पाहिलं. दुसऱ्यानं वडाखाली गावानं आपल्याला कुठं ठेवलंय ते पाहिलं. दोघांचे डोळे शाबूत, दोघांचं प्रत्यक्ष खरं. मग वडाचा सांस्कृतिक लाभ मोजताना कुणाचं प्रत्यक्ष धरणार?

संमेलन फेब्रुवारीत झालं याचीही एक गंमत. त्या दिवसांत बीड जिल्ह्यातली लाखो माणसं घरी नसतात. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. पाचटाच्या कोप्यांत राहतात. परत येतात ती पाडव्याच्या पुढंमागं. पळस फुलतो त्या मधल्या दिवसांत. बालाघाटात पळस असा पेटतो की बघत राहावं, कवींनी त्यावर पुष्कळ लिहिलंय. माझ्या चुलतभावानं वयाच्या चौदाव्या वर्षी कोयता धरला, आता पन्नाशी ओलांडली. मी एकदा विचारलं, आपल्याकडचा पळस कधी नीट बघितलास का रे? म्हणाला, "पानं बघितलीत. पत्रावळीची." फूल त्याला दिसलंच नाही, कारण फुलायच्या वेळी तो दुसऱ्याचा ऊस तोडत होता. तेव्हा सौंदर्याच्या रकान्यात त्यानं शून्य टाकलं तर त्याला सौंदर्यदृष्टी नाही असं समजू नका. त्याचं कॅलेंडर कारखान्याकडं आहे.

आता जी गोष्ट मला स्वतःला नीट सुटत नाही ती सांगतो.

आजकाल आमच्या ज्ञानाला भाव आला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समित्या झाल्या, लोकांना झाडाझुडपांची काय माहिती आहे त्याच्या नोंदवह्या करायच्या ठरल्या. पारंपरिक ज्ञान म्हणतात त्याला. ते जपा म्हणतात. बरोबर आहे. पण आमची माहिती आली कशी? महाराला गावची शीव ठाऊक असायची. दोन गावांचा शिवेचा तंटा झाला की त्याची साक्ष चालायची, कुठला दगड, कुठला ओढा, कुठली बाभळ हे त्यानं दाखवायचं. ज्याला सगळी शीव पाठ होती त्याचं स्वतःचं घर मात्र गावकुसाबाहेर. मांगाला कुठल्या घायपातीचा वाख चिवट हे कळायचं, कारण दोर वळणं त्याच्या जन्माला बांधलेलं. ढोराला साल कळायची, कारण दुसरं काही शिकायची मुभा नव्हती. आजोबांना मेलेलं जनावर वासावरून कळायचं. किती वेळापूर्वी मेलं, कातडं चांगलं निघेल का, तेही. हे ज्ञान होतं. बारीक, पक्कं, पिढ्यांचं. आणि ते मानेवर पाय देऊन शिकवलेलं होतं.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या मुलखात ते यायला वेळ लागला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या आजोबांनी ढोरं ओढणं बंद केलं. गावानं दाणा बंद केला, सरपण बंद केलं. त्यांनी परत धरलं नाही. त्यांच्याबरोबर ते वासाचं ज्ञानही गेलं. ते वाचवायला पाहिजे होतं का? मी म्हणतो, नाही. माणूस आधी, माहिती मागून. कुणी संशोधक येऊन हळहळत असेल की एक ज्ञानपरंपरा लुप्त झाली, तर त्यानं आपल्या लेकराला चार दिवस त्या वासात ठेवावं आणि मग हळहळावं.

पण एवढं बोलून माझं समाधान होत नाही. कारण तरवडाची साल सोलताना बाया हसायच्या. हे मी ऐकलं आहे. माळावर त्या चौघीपाचजणीच असायच्या. गावचा पाटील नाही, घरचा पुरुष नाही. ओव्या म्हणायच्या, सासूची नक्कल करायच्या. नानी सांगते, लग्न होऊन आली तेव्हा या गावात तिला पहिल्यांदा मोकळं वाटलं ते त्या माळावर. मग सक्तीनं शिकलेल्या कामात जो आनंद मिळाला तो खोटा का? तो आनंद सांस्कृतिक लाभ म्हणून नोंदवला तर सक्ती पुसली जाते. नुसती सक्ती नोंदवली तर नानीचं हसू पुसलं जातं. मला दोन्ही पाहिजेत. एकाच ओळीत पाहिजेत, त्याच बाईच्या नावापुढं. असा रकाना कसा आखायचा ते मला येत नाही, पण तो आखल्याशिवाय कोणी मला सांगू नये की हा माळ कळला.

गोपाळ गुरूंनी २००२ साली आपल्या समाजशास्त्रांवर बोट ठेवलं होतं. सिद्धांत मांडायचा तो एकांनी आणि अनुभव पुरवायचा तो दुसऱ्यांनी, अशी वाटणी तिथं जातीसारखीच झालेली आहे, हा त्यांचा आक्षेप. निसर्गाच्या बाबतीतही तेच आहे. नानी माहिती देणार. तिच्या माहितीचा अर्थ दुसरीकडं ठरणार. शांतता, चार.

आणि हा नुसता विचारांचा खेळ नाही. गायरानात नानीचे अडीच एकर आहेत. आहेत म्हणजे ती कसते. चुलत्यानं १९८३ च्या सुमाराला दगड वेचून ती जमीन उठवली. मराठवाड्यात हजारो दलित कुटुंबांनी अशी गायरानं कसली. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह ज्यांनी पाहिले त्यांच्या पोरांनी. आपल्या जिल्ह्यात पुढं एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून हा प्रश्न लावून धरला. पोतराजाचा मुलगा, जमिनीशिवाय माणूसपण टिकत नाही हे त्यांना पोथीतून शिकावं लागलं नाही. सरकारनं २८ नोव्हेंबर १९९१ ला निर्णय काढला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. कागदावर झालं. प्रत्यक्षात कितीजणांच्या हातात सातबारा पडला ते तुमच्या गावात विचारा.

इथं शब्दप्रमाण कसं परत येतं बघा. चाळीस वर्षं कसलेली जमीन, दगडांचे ढीग, बांध, विहिरीसाठी घेतलेला खड्डा, हे सगळं प्रत्यक्ष. पण तहसिलात प्रत्यक्ष चालत नाही. तिथं कागद. गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद आहे का? दंड भरल्याची पावती आहे का? म्हणजे गुन्हा केल्याचा पुरावा असेल तरच हक्काचा पुरावा. नानीनं चुलत्याच्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. घरात सोनं नाही, तो डबा आहे. दिङ्नागाला कोणीतरी सांगा, तलाठ्यापुढं तुमचं चालत नाही म्हणून.

आणि त्याच गायरानावर आता झाडं लावायचं घाटतं आहे. ग्रामसभेत विषय झाला. गावाला प्राणवायू, पाखरं, सकाळचं फिरणं, मुलांना निसर्ग. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून निकाल दिला. त्यात सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलेला आहे. निकालाचं पहिलं अर्धं गावात सगळ्यांना पाठ आहे. दुसरं अर्धं आम्हाला.

झाडांच्या विरुद्ध मी कसा असेन? ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघत म्हातारपण आलं तिथं झाड नको कोण म्हणेल? धनगराला मेंढ्या चारायला गायरान लागतं, तोही आपलाच माणूस आहे, त्याचं-आमचं भांडण लावून तिसरा मजा बघतो हेही मला कळतं. पण झाड लावायला नेमके नानीचेच अडीच एकर दिसावेत? गावात ज्यांनी ओढे बुजवून शेतं वाढवली त्यांच्या बांधावर निसर्ग का नको? पाटोद्याकडं नायगावला १९९४ साली मोरांचं अभयारण्य झालं. मोर बघायला माणसं जातात, जावंही, मीही गेलो आहे. मोर भुईमूग उकरतो तेव्हा कोरडवाहूवाल्याला तो कसा दिसतो हेही त्याच पाटीवर लिहायला जागा असावी, एवढंच माझं म्हणणं.

जगातल्या पंडितांनाही हे थोडं उमगलं आहे असं दिसतं. जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचानं २०२२ च्या जुलैत जर्मनीत बॉन इथं निसर्गाच्या मूल्यांचा अहवाल मान्य केला. निसर्गाची किंमत काढायच्या पन्नासच्या वर रीती आहेत असं त्यात आहे. त्यांनी तपासलेल्या हजाराच्या वर अभ्यासांपैकी शंभरात एकातच संबंधित लोकांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सामील केलं होतं. शंभरात एक! बाकीच्या नव्व्याण्णवांत कुणीतरी कुणाच्या तरी वतीनं चार टाकले असणार. त्याच अहवालात माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचे चार प्रकार आहेत: निसर्गावर जगणं, निसर्गासोबत जगणं, निसर्गात जगणं आणि निसर्ग होऊन जगणं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. छान आहे. आमचा पाचवा त्यात नाही. निसर्ग डोळ्यापुढं, विहीर डोळ्यापुढं, पार डोळ्यापुढं, आणि मध्ये माणसं उभी. अशा जगण्यातही निसर्गाचं ज्ञान होतं. पाणी किती खोल आहे हे ओढणाऱ्यापेक्षा वाट बघणाऱ्याला जास्त नीट कळतं.

नानीनं बांधावरचा तरवड तोडलेला नाही. शेरडं खात नाहीत म्हणून कुंपणाला बरा, हे एक. घट आमच्याकडं बसत नाहीत, १९५६ पासून नाहीत. पण अशोक विजयादशमीला ती पहाटे तीच फुलं आणते आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवते. पाणी शिंपडत नाही. साल सोललेले हात तेच आहेत. याला श्रद्धा म्हणा, वारसा म्हणा. सर्वेक्षणाच्या पोरांना ती हे बोलली नाही. त्यांनी विचारलंही नाही, कारण फुलं त्यांना दिसत होती, त्यांचा फोटोही त्यांनी काढला, आणि फुलांविषयी आणखी काही विचारायचं असतं असं त्यांना वाटलं नाही.

कागद भरून झाला. मुलीनं नमस्कार केला. नानीनं तिला दोन कणसं दिली. मग विचारलं, "माय, ह्या कागदावर माजं नाव लिव्हलंस का?"

मुलगी म्हणाली, "नाही आजी. नाव आम्ही लिहीत नाही. गुप्त ठेवतो. तुम्हाला काही त्रास होऊ नये म्हणून."

नानी माझ्याकडं बघायला लागली. मला कळलं तिला काय पाहिजे. मुलीला कळेना.

"लिव्ह की," नानी म्हणाली. "नाव लिव्ह. गट नंबर ह्यो सांगतो तुला. आजची तारीख टाक. बाजरी उभी हाय म्हनून लिव्ह. आन् त्याची एक नक्कल मला दे. डब्यात ठिवते."

पोरानं सांगितलं, तसं नियमात नाही. मुलगी बराच वेळ कागद हातात धरून उभी राहिली. मग तिनं वहीतलं एक पान फाडलं, त्यावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि तारीख टाकली. शिक्का नव्हता. नानीनं ते पान उलटसुलट करून बघितलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि खाली ठेवलेला विळा उचलला.